बारकीचं साक्षपत्र

४ फेब्रुवारी

प्रिय बारकी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

माझ्या हातचं पत्र बघून दचकशील. इतकी वर्षं माझी पत्रं सेक्रेटरी लिहायची, आणि तुला तर तीही आली नाहीत. काचकंपनीतून निवृत्त होऊन चार महिने झाले. अकरा वर्षं व्यवस्थापकीय संचालक होतो, हाताखाली सहा हजार माणसं. आता सकाळी सहाला उठतो, दाढी करतो, टाय बांधतो आणि मग आठवतं की कुठे जायचं नाही. सूनबाई म्हणाली, बाबा, बागेत लक्ष घाला. घातलं. दोन दिवसांत बागेचं वेळापत्रक तयार केलं. तिसऱ्या दिवशी माळी सोडून गेला.

बारके, मी घाबरलोय. हे दुसऱ्या कुणाला लिहिणार नाही. देवाने मला एवढं चालवायला दिलं ते उगाच नसणार, आणि आता पुढचं काय ते तो सांगत नाही. चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, साक्षपत्र मागवा.

आपल्या चर्चच्या मंडळीची ही जुनी रीत तुला आठवत असेल. सेवेत यायचं असेल तर आपण होऊन काही मागायचं नाही. रक्ताच्या एका नातलगाने सात दिवस आपल्यासाठी प्रार्थना करायची आणि जे ऐकू येईल ते लिहून पाळकसाहेबांना पाठवायचं. उपासनेत ते मोठ्याने वाचलं की तेच आपलं पाचारण, देवाचं बोलावणं. मग ते बदलत नाही. लिहिणाऱ्याने स्वतः मंडळीसमोर उभं राहून मागे घेतलं तरच.

मुलगा म्हणतो, त्याला काही ऐकू येत नाही. अक्काची उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली, ती काय लिहिणार. ती इथेच आहे, मंडळीच्या सेवागृहात, माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. बरी असावी. गेल्या वर्षी मी फळांची टोपली पाठवली होती.

तेव्हा उरलीस तू. सात दिवस, सकाळी, उपाशीपोटी. महिनाअखेरपर्यंत पाठवलंस तर बरं.

तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

दादा,

सलाम.

उपाशीपोटी लिहितोस, महिनाअखेर लिहितोस. एकदा तरी चहा घेतलास का, पाठ कशी आहे, असं विचारायचं होतंस. पाठ वाईट आहे. तीस वर्षं प्रसूतिगृहात बायकांना खाटेवरून उचललं, त्याचं बक्षीस म्हणून कमरेला पट्टा मिळालाय. तिसऱ्या मजल्यावरून मी आठवड्यातून दोनदाच खाली उतरते. नवरा गेल्यापासून घरात माझ्याशी बोलायला रेडिओ आहे, आणि तोही मधूनच खरखरतो.

तू घाबरलायस हे वाचून मला काय वाटलं ते सांगत नाही. तुला आवडणार नाही.

साक्षपत्र पाळकसाहेबांना आजच टाकलं. तुझ्यासाठी नक्कल देते:

"मी सात दिवस माझ्या भावासाठी प्रार्थना केली. सातव्या दिवशी मला एक तसराळं दिसलं, पाण्याने भरलेलं, आणि त्यात माझ्या भावाचे हात. आवाज आला, ज्याने हुकूम दिले त्याने आता पाय धुवावे, आणि सुरुवात आपल्या थोरल्या बहिणीपासून करावी. सेवागृहातल्या खाटांवर जे पडून आहेत ते त्याचं काम. अक्कासाठी माझा रोज जीव तुटतो. मी जवळ असते तर मीच तिचं सगळं केलं असतं. पण देवाने ते माझ्या भावासाठी राखून ठेवलं आहे."

झालं तुझ्या मनासारखं? बाह्या दुमडून घे. आणि टाय काढ, तसराळ्यात पडेल.

बारकी

२ मार्च

प्रिय बारकी,

ख्रिस्तात सलाम.

काल साक्षपत्र वाचलं. 'जीव तुटतो' या वाक्याला पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, हा मी आहे. कंपनीत इतकी भाषणं केली, पण इतकं लहान कधी केलं नव्हतं.

उपासनेनंतर थेट सेवागृहात गेलो. अठरा खाटा. अक्काची खिडकीशी, दोन खाटांच्या लहान खोलीत. चौदा वर्षांनी भेटलो म्हणे. मला इतकी झाली असतील असं वाटत नव्हतं. ती फार लहान दिसते. मी तसराळं घेतलं, गुडघे टेकले आणि तिचे पाय धुतले. पाणी थोडं गरम होतं, तिने पाय आखडला. मग मंडळीच्या मासिकासाठी फोटो हवा होता म्हणून दुसऱ्यांदा धुतले. पाळकसाहेब म्हणाले की एवढा मोठा माणूस एवढा खाली वाकलेला त्यांनी पाहिला नाही.

बारके, मला हलकं वाटतंय. तुझे उपकार कसे फेडू?

दादा

१० मार्च

दादा,

फोटो मिळाला. तसराळं छान आलंय. अक्काचा चेहरा तेवढा कापला गेलाय.

उपकार फेडायचे असतील तर ऐक. पाणी कोपराने बघायचं, हाताने नाही. तिची उजवी बाजू मेलेली आहे, तिथे चटका बसला तरी तिला कळायचं नाही. पाय आखडला तो डावा असणार. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना मान पुढे हवी. नखं तूच काप. आणि ती बोलते, दादा. सावकाश बोलते, शब्द चावून येतात, पण बोलते. खुर्ची ओढून दहा मिनिटं गप्प बस, म्हणजे ऐकू येईल. घड्याळ बघायचं नाही. तू बघशील.

तिला आजार झाला तेव्हा तू कंपनीचं छापील कार्ड पाठवलं होतंस, 'लवकर बरे व्हा', खाली रबरी शिक्क्याची सही. तिने ते उशीखाली ठेवलं होतं. आई गेल्यावर जिने आपली शाळा सोडून तुझे डबे भरले, तिला शिक्का. हे आठवून पाय धू.

ती काय म्हणाली ते कळव.

बारकी

२८ एप्रिल

प्रिय बारकी,

पत्राला उशीर झाला. काम फार आहे, आणि किती बरं वाटतंय म्हणून सांगू!

तसराळ्याचं काम मी अकरा दिवस केलं. मग लक्षात आलं की पाय धुवायला तिथे तीन बायका आहेत आणि त्या माझ्यापेक्षा चांगलं करतात. देवाने मला जे दिलंय ते वाया घालवणं हेही पापच. सेवागृहाची कमिटी म्हणजे नुसता भोंगळ कारभार होता. कोण कधी आलं, का आलं, कधी जाणार, कशाचा पत्ता नाही. मी तीन पानांचा अहवाल दिला. पाळकसाहेबांनी मलाच अध्यक्ष केलं. साक्षपत्राचा मान आहे, कुणी नाही म्हणालं नाही.

हे घर कशासाठी सुरू झालं ते मी जुनी कागदपत्रं काढून वाचलं. माणसाला उभं करून घरी पाठवण्यासाठी. आपल्याकडे बारा माणसं अशी आहेत की जी आली आणि राहिलीच. बाहेर वीस जण वाट बघतायत. प्रत्येक खाटेचं आता दर महिन्याला परीक्षण होईल. कंपनीत भट्टीचं व्हायचं तसं.

रोज सकाळी मी फेरी मारतो. अक्का मला बघितलं की डावा हात उचलून उजव्या हाताला जोडते. बोलत काही नाही. डोळे भरलेले असतात. इतक्या वर्षांनी थोरल्या बहिणीचा आशीर्वाद मिळतोय.

दादा

२० मे

प्रिय बारकी,

हे पत्र लिहिण्याआधी मी बराच वेळ प्रार्थनेत होतो. शांतपणे वाच.

कमिटीने नियम केला आहे की ज्यांचं करायला रक्ताचं आणि मनापासून तयार असलेलं माणूस आहे, त्यांनी खाट अडवू नये. असे सहा निघाले. पहिलं नाव अक्काचं आहे. अध्यक्षाच्या बहिणीपासून सुरुवात झाली नाही तर बाकीच्या पाच घरांना मी काय तोंड दाखवू?

तू म्हणशील, माझी पाठ, माझे जिने. पण तू लिहिलेलं मंडळीने ऐकलंय. अक्कासाठी रोज जीव तुटतो, जवळ असते तर मीच केलं असतं. कमिटीने तुझं साक्षपत्रच पुरावा म्हणून फाइलला लावलं. तुझ्यासारखं माणूस बाकीच्या पाच घरांत नाही, हे मी अभिमानाने सांगितलं. शिवाय तू नर्स.

माझ्याकडे का नाही, हे तुझ्या मनात येईल. घर मी मुलाच्या नावावर केलं. मी सेवागृहातच राहायला जातोय, आपल्या माणसांमध्ये. अक्काची खोली मला देणार आहेत, तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला मोठ्या खोलीत हलवतील. शिवाय पाचारण झालेल्याने नात्यागोत्यात अडकू नये.

अक्काला मी स्वतः सांगितलं. म्हणालो, बारकीने तुला बोलावलंय. असं सांगितलं की म्हातारी माणसं त्रास देत नाहीत.

दादा

२४ मे

दादा,

हे पत्र मी पाळकसाहेबांच्याही नावाने पाठवते आहे. रविवारी वाचायला सांग.

मी प्रार्थना केली नाही. सात दिवस नाही, सात मिनिटं नाही. भाजी निवडता निवडता मजकूर सुचला आणि पाटावर बसून लिहून काढला. तसराळं दिसलं नाही, आवाज आला नाही. तुझं ते 'घाबरलोय' वाचून मला आनंद झाला होता. बरं झालं म्हटलं, जिरली. सहा हजार माणसं चालवणाऱ्याला एका बाईचे पाय धरायला लावू, असं माझ्या मनात आलं. तू तिथे गुडघ्यावर बसशील, तिचा वास तुला सोसवणार नाही, आणि तू मला रडत पत्र लिहिशील, याची मी वाट बघत होते. देवाचं नाव घेऊन मी माझा सूड लिहिला. एवढं माझं पाप, ते माझ्या नावावर लिही.

आणि 'जीव तुटतो' तेही खोटं. नुसती शोभा म्हणून घातलं होतं, वाक्य गोड झालं म्हणून ठेवलं. चौदा वर्षांत मी तिला दोनदा भेटले. तुझ्यापेक्षा दोनदा जास्त, बस. पाठ बिघडायच्या आधीसुद्धा दोनदाच.

आता ऐक, हात जोडून सांगते. तिला इथे पाठवू नकोस. ती चौदा वर्षं त्या खिडकीशी आहे. शेजारच्या खाटेवरची आंधळी बाई तिचं बोलणं समजते, दुसऱ्या कुणाला ते समजत नाही. माझ्याकडे एक खोली आहे, लिफ्ट नाही, आणि मी दोन तासांनी कूस बदलायला गेले तर पंधरा दिवसांत आम्ही दोघी आडव्या पडू. ती इथे जगणार नाही, दादा. तुला एवढंही कळत नाही का?

रीत मला माहीत आहे. मी स्वतः येते. सात जूनच्या रविवारचं तिकीट काढते, मंडळीसमोर उभी राहते आणि खोटं बोलले म्हणून सांगते. थुंकले माझ्या तोंडावर तरी चालेल. तोवर थांब.

बारकी

२ जून

प्रिय बारकी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. पाळकसाहेबांनी त्यांचं न वाचता माझ्याकडे दिलं. सेवागृहाचा पत्रव्यवहार आता मीच बघतो.

मी रागावलो नाही. तू म्हणतेस की तू नुसतं भाजी निवडत होतीस. बारके, देवाला बोलायला तुझी परवानगी लागते का? शास्त्रात भावांनी भावाला खड्ड्यात टाकलं, आणि त्याच खड्ड्यातून देवाने त्याला राज्यावर बसवलं. तू वाईट मनाने लिहिलंस, तरी जे लिहिलंस ते खरं ठरलं. मी आज इथे आहे. मला सकाळी उठल्यावर कुठे जायचं ते माहीत असतं. हे खोट्यातून कसं येईल?

कंपनीत कुणी राजीनामा दिला आणि चार दिवसांनी तो मागे घ्यायला आला, तर मी नेहमी पहिलंच पत्र धरायचो. पहिलं पत्र माणूस शांतपणे लिहितो. दुसरं त्याच्याकडून भीती लिहून घेते. तुझं दुसरं पत्र मी फाइलला लावलेलं नाही. जपून ठेवलंय, तुला कधी लाज वाटू नये म्हणून.

तू सात तारखेला येणार म्हणतेस. अवश्य ये. फक्त गाडी अक्काला घेऊन चार तारखेला, गुरुवारी पहाटे निघते. परवा सकाळी अकराच्या सुमारास पोचेल. दोन माणसं सोबत आहेत, ती तिला वर आणून देतील आणि पोचपावतीवर तुझी सही घेऊन परततील. सात तारखेला तू इकडे आलीस तर तिकडे अक्काचं कोण करणार, ते तू बघ. हे पत्र मी उद्या पोचेल असं पाठवतोय.

कूस दर दोन तासांनी बदलायची. तुला माहीतच आहे.

दादा

१९ जून

दादा,

ती पोचली. लिहायला उशीर झाला, कारण दोन तासांच्या वर मला बसता येत नाही.

गाडीतल्या दोघांना जिन्यात खुर्ची वळवता येईना. तळमजल्यावरचा शिंपी मशीन सोडून धावला. तिघांनी तिला तीन मजले वर आणलं. दुसऱ्या मजल्यावर टेकवली तेव्हा ती घाबरून ओली झाली होती, आणि त्या अवस्थेत मला वर दारात बघून ती हसली. अर्धं तोंड हसलं. मी पोचपावतीवर सही केली. त्यावर 'माल सुस्थितीत मिळाला' असं छापलेलं होतं. कंपनीचे जुने कागद वापरतोस वाटतं.

तिला भिंतीकडची खाट दिली. खिडकी माझ्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर आहे, तिथे खाट जात नाही. मी खाली झोपते, म्हणजे आडवी होते. पाठीला चौथ्या दिवशी जखम झाली. माझ्या नाही, तिच्या. मी नर्स असून झाली. एका कुशीवर ठेवली आणि मला उठताच आलं नाही. डॉक्टर येऊन गेला. त्याने मला बाहेर बोलावून तिचे किती दिवस उरले ते सांगितलं. जिन्यात उभं राहून ऐकलं. आकडा तुला कळवत नाही, तुझ्या परीक्षणात धरशील.

सात तारखेचं तिकीट वाया गेलं. म्हणजे मी उभी राहिले नाही, आणि आता राहणारही नाही. माझं खोटं तुझ्या मंडळीत देवाचं म्हणून चालू राहील. तुझी खोली, तुझी खुर्ची, तुझी फेरी, सगळं त्यावर उभं आहे. तुला ते माहीत आहे, आणि तुला झोप लागते, हेही मला माहीत आहे.

तुझ्या आशीर्वादाचं विचारलं तिला. दादाला बघितलं की हात का जोडायचीस, म्हटलं. शब्द चावून यायला वेळ लागला. म्हणाली, घरी पाठवायला नावं काढतायत असं बायका बोलत होत्या. मला वाटलं, हात जोडले तर ठेवील.

आता माझं सांगते. ती सगळ्यांना सांगते, बारकीने मला बोलावलं. शिंप्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, शेजारणीला दोनदा. शेजारीण म्हणाली, भाग्य लागतं अशी बहीण मिळायला. चौदा वर्षं वाट बघत होते, अक्का म्हणाली, बोलावशील वाटत होतं. मी तिचं तोंड पुसत होते. मी बोलावलं नव्हतं, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरने सांगितले तेवढे दिवस मला हे खोटं निभवायचं आहे. भरवताना, कूस बदलताना, दर दोन तासांनी. देवाने मला हे सांगितलेलं नाही. कुणीच सांगितलेलं नाही.

आज हे पत्र लिहायला बसले तेव्हा विचारलं, दादाला काही कळवायचं का. म्हणाली, त्याला लिही, मला बारकीकडे पाठवलंस, फार उपकार झाले.

लिहिलं. माझ्याकडून काही नाही.

बारकी